काउंटरच्या आतल्या बाजूला

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यानं तिच्या निरोपाची तारीख आधीच ठरलेली होती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर भरभरून लिहिलं. चालक बोलले, जुन्या गाड्यांचे शौकीन बोलले, सिनेमातल्या टॅक्सींच्या आठवणी निघाल्या. एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची थांबली, त्याला तोवर दोन दशकं उलटून गेली होती. मग एवढी वर्षं तिला क्लच प्लेट, वॉटर पंपाचं किट, दाराचं हँडल मिळत होतं ते कुठून?

मिळत होतं सुट्या भागांच्या दुकानातून. दहा फूट रुंदीच्या, आत अंधारात लांबवर गेलेल्या, छतापर्यंत रॅक चढवलेल्या आणि तेलाचा नि रबराचा वास भिंतींत मुरलेल्या दुकानातून. कारखाना बंद होतो, कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नव्या मॉडेलमागे लागतं, पण रस्त्यावरची गाडी चालूच असते. तिच्या उरलेल्या आयुष्याची काळजी या दुकानात वाहिली जाते. पुढच्या पानांचा विषय तिथं काउंटरमागे उभा राहणारा माणूस आहे.

त्याच्या नोकरीबद्दल घरचेही 'पार्ट्सच्या दुकानात असतो' याहून जास्त काही सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, फडताळातून डबा काढायचा, बिल करायचं, झालं. प्रत्यक्षात हे काम विक्रीचं थोडं आणि ओळखण्याचं जास्त आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते नीट सांगता येत नाही, गॅरेजातून निघालेला निरोप वाटेत अर्धा गळालेला असतो, आणि काउंटरवरच्या माणसानं दोन-चार प्रश्नांत हजारो वस्तूंमधली नेमकी एक काढून द्यायची असते. या ओळखीचे पैसे कुणी देत नाही. बिलावर फक्त मालाची किंमत असते.

पुण्यात या धंद्याचा पत्ता म्हणजे नाना पेठ. दुचाकीचा कुठलाही भाग कुठंच मिळाला नाही की 'पेठेत बघ' असं सांगितलं जातं, आणि तेव्हा पेठ म्हणजे हीच. शहर दुचाक्यांचं, बजाजचा कारखाना आकुर्डीला, त्यामुळे घडणारी गाडी आणि बिघडणारी गाडी यांत काही मैलांचंच अंतर. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास चारचाकीच्या पार्ट्सची जुनी दुकानं आहेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे काढलेले भाग मिळतात. देशभरचा माल जिथून फुटतो तो बाजार दिल्लीच्या काश्मिरी गेटचा. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी 'दिल्लीचा माल' म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्या बाजाराकडेच बोट असतं, आणि बोलणाऱ्याच्या आवाजावरून तो माल स्वस्त म्हणायचा आहे की संशयास्पद, हे कळतं.

काउंटरवरचा संवाद बहुतेक वेळा असा सुरू होतो.

"शेठ, स्प्लेंडरचा चेनसेट द्या."

"कुठली स्प्लेंडर?"

"काळी."

स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. नंतर प्लस, प्रो, एनएक्सजी, आयस्मार्ट अशी तिची भावंडं निघाली. सुपर स्प्लेंडर तर १२५ सीसीची, वेगळ्याच इंजिनाची. गिऱ्हाइकाच्या लेखी ती सगळी एकच. म्हणून काउंटरवरचा माणूस रंग सोडून बाकीचं विचारत जातो. सेल्फ आहे का नुसती किक? पुढे डिस्क का ड्रम? चाक तारांचं का अलॉय? साल कुठलं? साल आठवत नसेल तर गाडीचा नंबर. एमएच-१२ मधली कुठली अक्षरं कुठल्या वर्षी चालू होती, हे पेठेतल्या मुरलेल्या माणसाला बहुधा पाठ असतं. तरीही शंका राहिलीच तर चासी नंबर मागवायचा. सतरा अक्षर-अंकांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं ठेवलेलीच नाहीत, एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. फोनवरून नंबर वाचणारा 'ओ' म्हणाला की ऐकणारा मुकाट्यानं शून्य लिहितो.

पल्सरचं आणखी वेगळं. २००१ ची पहिली पल्सर एका प्लगची. २००३ च्या डीटीएसआयपासून इंजिनाला दोन प्लग आले. २०१२ च्या २०० एनएसला तर तीन. 'पल्सरचा प्लग द्या' म्हणणाऱ्याला 'किती?' असं उलट विचारलं की तो गोंधळतो. एकच मागून नेणारे पुष्कळ, आणि दुसरा जुनाच राहिल्यामुळे गाडी अजून मिसिंग मारते अशी तक्रार घेऊन येणारेही तेच.

मागच्या दिव्याच्या बल्बचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. बल्ब २१/५ वॅटचा. काचेच्या एकाच फुग्यात दोन तारा: पाच वॅटची टेललाइटला, एकवीस वॅटची ब्रेक दाबल्यावर. पितळी बुडाला दोन बारीक पिना असतात आणि त्या एका उंचीवर नसतात. एक किंचित वर, एक किंचित खाली. त्यामुळे बल्ब होल्डरमध्ये एकाच बाजूनं बसतो आणि तारांची अदलाबदल होत नाही. इंडिकेटरच्या एकेरी बल्बच्या पिना मात्र समोरासमोर, एका रेषेत. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. गिऱ्हाईक म्हणतं, 'तोच आहे, द्या.' काउंटरवरचा पोरगा बल्ब चिमटीत धरून आधी बुडाकडे बघतो, मग कडेला ठेवलेल्या जुन्या बॅटरीला टेकवून दोन्ही तारा एकामागून एक पेटवून दाखवतो आणि त्यानंतरच डबी पुढे सरकवतो. न दाखवता दिलेला बल्ब तासाभरात 'आतूनच उडालेला होता' म्हणत परत येतो, आणि मग खरं कोण बोलतंय हे ठरवायला कुठलाच पुरावा नसतो.

नट-बोल्टांची तर वेगळीच परीक्षा. 'दहाचा बोल्ट द्या' म्हणणाऱ्याला बहुतेकदा दहाचा पाना लागणारा बोल्ट हवा असतो. त्या बोल्टची जाडी असते सहा मिलिमीटर. खरोखर दहा मिलिमीटर जाडीचा हवा असलेला माणूसही अगदी हेच वाक्य म्हणतो. त्यात पुन्हा आटे. दहा मिलिमीटरच्याच बोल्टला आटे दीडचे असतात तसे सव्वाचेही असतात. चुकीच्या आट्याचा नट पहिले एक-दोन फेरे गोड फिरतो, मग अडतो. घाईतल्या मेकॅनिकनं पान्यावर जोर दिला की एक्सलचे आटे गेले. म्हणून अनुभवी हात नट पिशवीत टाकण्याआधी जुन्या बोल्टवर फिरवून बघतो. कुठंतरी खरखर लागली तर तो नट परत बरणीत आणि दुसरा बाहेर. गिऱ्हाइकाला वाटतं, पाच रुपयांच्या नटासाठी केवढा घोळ!

आकड्यांची एक भाषा मात्र या दुकानात कुणालाच फसवत नाही. बेअरिंगची. ६२०३ म्हटलं की शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे. ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. ०४ पासून पुढे पाचानं गुणायचं, म्हणून ६२०४ चं भोक २० आणि ६२०५ चं २५. सुरुवातीला ६२ ऐवजी ६३ असेल तर भोक तेच, पण बाहेरचा घेर आणि जाडी मोठी. मागे झेडझेड लिहिलं असेल तर दोन्हीकडून पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. सी३ असेल तर आत गोळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक, तापणाऱ्या जागी लागते ती. एसकेएफच्या चिंचवडच्या कारखान्यातलं असो नाहीतर राजकोटच्या छोट्या युनिटातलं, माप तेच. त्यामुळे पिठाच्या गिरणीवाला आणि विहिरीवरच्या मोटरीचा शेतकरीही याच काउंटरवर येतो. त्यांच्याकडे गाडीचं मॉडेल नसतं, पण बेअरिंगवरचा नंबर असतो आणि तेवढा पुरतो. ऑइल सीलचंही असंच: फडक्यानं काळं पुसलं की रबरावर तीन आकडे दिसतात, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. आकडे झिजून गेलेले असतील तर व्हर्नियरनं मोजायचं.

कंपन्यांचे पार्ट नंबर याहून लांबलचक, पण त्यांतही शिस्त आहे. होंडाच्या पद्धतीत पहिले पाच अंक भागाचं काम सांगतात, मधली तीन अक्षरं मॉडेल, शेवटचे अंक त्यातला फरक. २२८७० म्हणजे क्लच केबल, १७९१० अॅक्सिलरेटरची, ४४८३० स्पीडोमीटरची, ४०५३० म्हणजे चेन. हिरो आणि होंडा वेगळे होणार हे डिसेंबर २०१० मध्ये जाहीर झालं, तरी हिरोच्या डब्यांवर ही धाटणी टिकली. जुना माणूस पार्सल उघडताना डब्यावरचं नाव वाचत नाही, पहिले पाच अंक वाचतो आणि हात आपोआप योग्य रॅककडे जातो.

यातलं बहुतेक सगळं दुकानातच शिकायचं. दहावी-बारावीनंतर, कधी दहावी अर्धवट सोडून, गावाकडून आलेला पोरगा पहिल्यांदा झाडू मारतो, चहा आणतो, शेजारच्या दुकानातून 'एक पीस' घेऊन येतो. ही शेजारची फेरी दिसते तेवढी क्षुल्लक नाही. आपल्याकडे नसलेली वस्तू गिऱ्हाइकाला 'नाही' न म्हणता दोन मिनिटांत हजर करणं, हे पेठेतल्या दुकानांचं आपापसातलं अलिखित खातं आहे, आणि कुठल्या दुकानात काय असतं हे त्या पोराला पायांनी पाठ होतं. मग पार्सल उघडायला मिळतं: बिलाशी माल ताडून बघायचा, एमआरपी बघायची, तुटलेलं बाजूला काढायचं, रॅकला लावायचं. रॅक लावता लावताच नावं चिकटतात. काउंटरवर बोलायला मिळतं ते सगळ्यात शेवटी. एखाद्या दुपारी शेठ जेवायला गेलेला असताना कुणी हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट मागतं, पोरगा तो बरोबर काढून देतो, आणि त्या दिवसापासून त्याचा चहा आणायचा बंद होतो.

खरं गिऱ्हाईक गाडीचा मालक नव्हे, मेकॅनिक. मालक वर्षातून दोनदा येतो, मेकॅनिक दिवसातून चारदा. त्याचं खातं असतं, वही असते, आठवड्याचा हिशेब असतो आणि तो कधीच पुरता मिटत नाही. भिंतीवर 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी, आणि तिच्याखाली उभं राहून मेकॅनिक 'लिहून ठेवा' म्हणतो. कोण किती दिवस थकवतो, कुणाला आणखी द्यायचं, कुणाला 'शेठला विचारून सांगतो' म्हणायचं, हा अंदाज काउंटरवरच्या माणसाकडूनच अपेक्षित असतो. उधारी बुडाली तर बोलणीही त्यालाच.

पैशांची एक बाजू सगळ्यांना माहीत असते आणि उघड कुणी बोलत नाही. मेकॅनिकला एमआरपीवर सूट मिळते, मालकाला बिल एमआरपीचं लागतं, मधला फरक मेकॅनिकचा. मालक स्वतः मेकॅनिकसोबत दुकानात आला की काउंटरमागचा माणूस भाव सांगण्याआधी मेकॅनिकच्या तोंडाकडे बघतो. याला लबाडी म्हणावं का? गॅरेजमधली मजुरी द्यायला मालक कुरकुरतो, पार्टची छापील किंमत मात्र निमूट देतो. जोवर हे असं आहे तोवर मजुरीचा काही भाग पार्टच्या डब्यातूनच निघणार. काउंटरवरच्या माणसाच्या वाट्याला या व्यवहारातलं काही येत नाही, येतं फक्त गप्प बसणं.

'ओरिजिनल आहे ना?' हा दिवसातून सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न, आणि त्याचं सरळ उत्तर देणं सगळ्यात अवघड. दुकानात माल तीन-चार तऱ्हेचा असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या छापाचा. दुसरा, ज्यानं तो भाग कंपनीला पुरवला त्याच उत्पादकाचा, पण त्याच्या स्वतःच्या नावानं विकला जाणारा. गॅब्रिएलचा शॉकअप किंवा लुकास-टीव्हीएसचा सेल्फ घ्या, गाडीच्या कंपनीची मोहोर नसली तरी त्याला हलका म्हणायचं कारण नाही. तिसरा लोकल, म्हणजे छोट्या कारखानदाराचा, स्वतःच्या नावाचा, कमी किमतीचा; त्यात चांगलाही असतो आणि टाकाऊही. आणि चौथा डुप्लिकेट: दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा डबा, आत भलताच माल. लोक लोकल आणि डुप्लिकेट एकाच तोंडानं म्हणतात, कायदा मात्र म्हणत नाही. लोकल विकणं हा धंदा आहे. खोट्या छापाचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. छापा पडतो तेव्हा पंचनाम्याला समोर असतो तो काउंटरवरचा माणूस. माल मागवण्याचा निर्णय त्याचा नसतो.

नकली ओळखायच्या खुणा तो हातानंच शिकतो. छपाईत एखादं अक्षर जाड, होलोग्राम नखानं सहज निघणारा, डबा वजनाला हलका, ब्रेक लायनरच्या अॅल्युमिनियमच्या कडा ओबडधोबड. इंजिनाच्या भागात नकली माल निघाला तर गाडी बंद पडते. ब्रेकच्या भागात निघाला तर गाडी थांबत नाही. बऱ्या दुकानात म्हणूनच एक न लिहिलेला नियम पाळतात. मडगार्ड, आरसा, सीट कव्हर यांत गिऱ्हाइकाला स्वस्तातलं मागू द्यायचं. ब्रेक लायनर, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट यांत दोन वेळा चांगल्याची शिफारस करायची. तिसऱ्यांदा मात्र तो मागेल ते द्यायचं, दुकान चालवायचं असतं.

द्रवांच्या बाबतीत चूक त्याहून सहज होते. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरलेलं तेल घाटात तापलं की त्यात वाफ होते आणि ब्रेकचा पेडल खाली बसतो. म्हणून सील फुटलेल्या बाटलीतलं 'थोडंसंच द्या' म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडलेला असतो. मोटारीसाठी घर्षण कमी करणारं तेल त्यात ओतलं की क्लच घसरायला लागतो. त्यामुळे दुचाकीच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण आहे का, ते बघून द्यायचं. घरी मोटारीचं तेल उरलंय, तेच स्कूटीत किंवा बाइकमध्ये चालेल का, असं विचारणारे भेटतातच. स्कूटीला कोरडा क्लच असतो, तिथं गोष्ट वेगळी. पण हे समजावून सांगेपर्यंत मागे चार माणसं जमलेली असतात.

बहुतेक दुकानांत एक पाटी हमखास: 'इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही.' त्यामागे चिडचिड नाही, अनुभव आहे. गाडी चालू होत नाही म्हणून मेकॅनिक अंदाजानं सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलतो. मूळ दोष वायरिंगमधल्या शॉर्टचा असतो. नवा सीडीआयही त्यातच जळतो. मग 'खराब निघाला' म्हणून तो काउंटरवर येतो. जळालेला की मुळातच बिघडलेला, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथांमध्ये घातलं आहे. पाटी आणि कायदा यांच्यामधली जागा रोज भांडून भरावी लागते, आणि भांडणारे दोघेही सहसा आपापल्या परीनं खरं बोलत असतात.

वर्षाचं चक्र महाराष्ट्रात ऋतूंशी बांधलेलं आहे. जूनमध्ये वायपर, रेनकोट, ब्रेकचे लायनर. पाऊस संपता संपता चाकांची बेअरिंगं आणि कोनसेट, कारण चिखलपाणी तोवर आत गेलेलं असतं. खंडेनवमीला गॅरेजांतली हत्यारं पूजेला, दसऱ्याला गाड्यांना हार. त्याआधीचे चार दिवस मात्र दुकानात उभं राहायला जागा नसते. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडे खरा हंगाम दिवाळीनंतर, ऊसतोड सुरू झाली की. क्षमतेबाहेर भरलेल्या ट्रॉल्यांचे हब, बेअरिंगं, पाटे, हुकाच्या पिना रात्री-अपरात्री तुटतात आणि कारखान्याच्या रांगेत अडकलेला ट्रॅक्टरवाला पहाटे दुकानदाराच्या घराची कडी वाजवतो.

अंगावर येणारी बाजू साधी आहे. सकाळी साडेनऊ-दहापासून रात्री साडेआठपर्यंत उभं राहणं, पोटमाळ्यावर शिडीनं चढ-उतार, नखांत कायमची काळी रेघ. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण तो मुळात लिहिला गेला दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. पेठेतल्या दुकानात माणसं तीन, फार तर पाच. तिथं तास शेठच्या स्वभावावर ठरतात आणि पगारवाढ दिवाळीला. वीस वर्षं उभा राहिलेला माणूस दुकानातला चालता-बोलता कॅटलॉग झालेला असतो, तरी कागदावर तो 'हेल्पर'च राहिलेला सापडतो. बायका या काउंटरवर अजून क्वचित दिसतात. दिसतात तिथं सहसा दुकान घरचं असतं.

गेल्या काही वर्षांत जमीन पायांखालून सरकते आहे, ती दोन-तीन बाजूंनी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. सुई, जेट, फ्लोट यांची किटं जुन्या गाड्यांपुरती राहिली. नव्यांना इंजेक्टर, फ्युएल पंप, सेन्सर लागतात आणि दोष कुठं आहे हे स्कॅनर सांगतो. 'जुना सॅम्पल दाखव' म्हणून ओळखायची विद्या इथं थिटी पडते, कारण चांगला सेन्सर आणि बिघडलेला सेन्सर दिसायला एकच. मोबाइलवरचा कॅटलॉग आता पोराच्याही हातात असतो, त्यामुळे जुन्या माणसाच्या पाठांतराची पत उतरली. अॅपवर एमआरपी आणि ऑनलाइन भाव दोन्ही दिसत असल्यानं गिऱ्हाईकही मोबाइल पुढे धरूनच बोलतं.

करांची घडीही बदलली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा एकाच बिलात बेअरिंग १८ टक्क्यांत आणि दुचाकीचे कित्येक भाग २८ टक्क्यांत अशी वाटणी होती. कुठली वस्तू कुठल्या एचएसएन कोडात बसते यावरून काउंटरवरच वाद रंगत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकी आणि मोटारींच्या सगळ्या सुट्या भागांना सरसकट १८ टक्के झाले. धंद्याला बरंच झालं, पण त्या आठवड्यात रॅकवरच्या डब्यांवर जुनी छापील किंमत, संगणकात नवा दर आणि समोर 'टीव्हीवर तर स्वस्त झालं म्हणतात' म्हणणारं गिऱ्हाईक, असा तिढा काउंटरवरच्या माणसाला सोडवायला लागला.

विजेच्या गाड्यांबद्दल पेठेत काळजी आहे, घबराट नाही. बजाजच्या १९७२ च्या चेतक स्कूटरनं या बाजारातल्या कित्येक दुकानांना पोसलं: क्लच प्लेटा, गिअरच्या वायरी, पॉइंट, कंडेन्सर, ३.५०-१० चा टायर. बजाजनं २००९ साली स्कूटर बनवणं बंद करायचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक परत आली ती बॅटरीवर. तिला प्लग नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉकअप, आरसे मात्र आहेत. चार्जर आणि कंट्रोलर सध्या कंपनीच्याच हातात आहेत. ते पेठेत कधी उतरतात आणि कोण ते आधी दुरुस्त करायला शिकतो, यावर पुढच्या दहा वर्षांतली दुकानं ठरतील असं जुने लोक म्हणतात. दरम्यान जुन्या चेतकची गिअरची वायर अजून मिळते. मागणारा क्वचित येतो, म्हणून ती पोटमाळ्यावर ठेवलेली असते.

पुढची प्रकरणं नवा पोरगा ज्या क्रमानं काम शिकतो त्याच क्रमानं लावली आहेत. आधी रॅक आणि पार्सल, मग नट-बोल्ट, बल्ब आणि केबली, नंतर ब्रेक आणि इंजिन, शेवटी उधारीची वही. वाचणाऱ्याकडे स्वतःची गाडी असेल, तर तिसऱ्या प्रकरणाला हात घालण्याआधी तिचा चासी नंबर उतरवून जवळ ठेवला तर उदाहरणं पडताळून बघता येतील.